माइकच्या स्टँडचा मांडव

"आनि म्होरं?" आबांनी विचारलं.

टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. मी स्टेजवरून आत येऊन तोंडाला टॉवेल लावला होता. आबा पडद्याआड एका घडीच्या खुर्चीवर बसले होते. कमरेला धोतर, अंगात मी घेऊन दिलेला जाडजूड कोट, आणि कोटावर कवड्यांची माळ. हांबुर्गच्या त्या हॉलमधले लाइटवाले, साउंडवाले येता-जाता त्यांच्याकडं बघत होते आणि आबा कुणाकडंच बघत नव्हते.

"म्होरं काय? संपलं की गाणं."

"संपलं?" आबा उठून उभे राहिले. "आगं, आत्ता कुठं समदी आली!"

तेवढ्यात माझ्या साथीला बास वाजवणारा योनास आत आला आणि आबांना वाकून नमस्कार करून मला जर्मनमध्ये म्हणाला, "वडील काय म्हणतात? आवडलं ना?"

"खूप," मी म्हटलं.

मला आबांकडून त्या एका शब्दाची किती भूक होती ते योनासला ठाऊक होतं, म्हणून तो खुश झाला. घरी जाताना बसमध्ये आबांनी मात्र तो शब्द काही उच्चारला नाही.

आम्ही वैरागचे पाचंगे. पिढीजात गोंधळी. लग्नकार्य झालं की लोकांच्या अंगणात चौक मांडायचा, संबळ-तुणतुण्यावर देवांना गावाच्या नावानिशी बोलवायचं आणि रात्र जागवायची, हे आमचं काम. बायकांनी गोंधळ गायचा नसतो, म्हणून मला कुणी शिकवला नाही. लहानपणी मी दिवटीला तेल घालायची, एवढाच माझा मान. पण कान कुणी बांधून ठेवत नाही. पुढं मी शाळेत गायले, पुण्यात कॉलेजात गायले, शिष्यवृत्ती मिळवून जर्मनीत आले, आणि इथं योनासचा बास, एक यंत्रातून काढलेला ठेका आणि आबांच्या गोंधळातली हाकाटी एकत्र करून एक गाणं बांधलं. त्याचं नाव 'आवतण'.

त्या गाण्यात बाकी काही नाही. नुसती बोलावणी. तुळजापूरच्या आईला, जेजुरीच्या खंडेरायाला, माहूरच्या रेणुकेला, सोनारीच्या भैरोबाला. आवाज चढत जातो, बास चढत जातो, आणि शेवटच्या 'या'वर सगळं एकदम तुटतं. दिवे जातात. अंधार. त्या शांततेवर माझं नाव झालं. कुणी त्या गाण्याला जॅझ म्हणालं, कुणी लोकसंगीत, कुणी आणखी काही. दुकानात माझी रेकॉर्ड कुठल्या कप्प्यात ठेवायची यावरून लोकांनी आपापसात वाद घातले म्हणे. लिस्बनपासून ऑस्लोपर्यंत मी ते गाणं गायले. पुढच्या दोन रेकॉर्डना कुणी फारसं विचारलं नाही. कार्यक्रमात नवीन काही गायला लागले की लोक सभ्यपणे ऐकायचे आणि 'आवतण'ची वाट बघायचे.

आणि कार्यक्रम संपला की मी माझ्या दोन खोल्यांत परत यायची. नऊ वर्षं त्याच घरात. माझ्या वाढदिवसाला न चुकता शुभेच्छा पाठवणारा इथं एकच माणूस होता, माझा दंतवैद्य. तोही बहुधा त्याचा कॉम्प्युटर. योनास चांगला होता, पण त्याला बायको होती, मुलं होती, रविवार होता. माझे रविवार नुसते जायचे. कधीकधी दुकानात दूध घेताना आपला आवाज ऐकून दचकायला व्हायचं, कारण दोन दिवसांत तो पहिल्यांदाच निघालेला असायचा.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. आबा वैरागला एकटे, चुलतीच्या हातचं खात. मी त्यांना 'या' म्हणून किती वर्षं म्हणत होते, आणि त्या डिसेंबरात ते खरंच आले. आले ते एक भली मोठी बॅग घेऊन. आत कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, दोन धोतरं आणि कापडात गुंडाळलेलं तुणतुणं नि छोटी दिवटी. उरलेली सगळी रिकामी.

"एवढी मोठी बॅग कशाला आणली, आबा?"

"आसू दे. जाताना लागंल."

मी काय ते समजले. आबा मला न्यायला आले होते. मला ते हवंच होतं, हे मी त्या बॅगेकडं बघूनच स्वतःशी कबूल केलं. आपणहून परत जायचं म्हणजे हार मानून जाणं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. पण आबा नुसतं 'चल' म्हणाले असते, तर मी त्याच पावली निघाले असते. म्हणून मी वाट बघत होते. रोज सकाळी चहा देताना वाटायचं, आज म्हणतील. आबा चहा प्यायचे, खिडकीतून खालच्या बसकडं बघायचे आणि कप परत करायचे. त्यांच्या जाण्याला आता दोनच दिवस उरले होते.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी कप खाली ठेवला.

"वैजे, हे तू समदीकडं आसंच गातीस?"

"असंच म्हणजे?"

"बोलिवतीस आनि दिवं घालवून जातीस?"

"लोकांना तेच आवडतं, आबा."

"लोकांचं सोड. आलेल्यांचं काय?" आबांचा आवाज चढला. "तुळजापूरची आई एवढ्या लांबनं आली. तिला बसाया दिलंस? गोडधोड केलंस? घराला पाठिवलंस? हितल्या थंडीत तिला उभी करून तू आपली टाळ्या घिऊन आत!"

मला हसू यायला हवं होतं. पण मला राग आला, आणि राग आला की मी खरं बोलते.

"कुणी येत नाही हो आबा! नऊ वर्षं बोलावतेय. घसा फाटेस्तोवर बोलावतेय. ना देव आला, ना माणूस. या घराची बेल कधी वाजलीच तर पार्सलवाला असतो, तोही शेजारच्यांचं पार्सल ठेवून घ्या म्हणायला. कुण्णी येत नाही इथं."

मी ओट्याकडं तोंड केलं. वाटलं, आता. आता म्हणतील 'चल'. याहून वेगळं मी काय सांगायला हवं होतं?

आबा उठून ओट्यापाशी आले. मग म्हणाले, "पाठवनी का गात न्हाईस?"

"कसली पाठवणी?"

"आगं, आपल्या पाचंग्यांची. फाटंची. ज्याला ज्याला बोलिवलं त्याला नाव घिऊन ज्याच्या त्याच्या गावाला लावून द्याचं. त्येच्याबिगार गोंधळ उठत न्हाई."

"मला नाही माहीत."

आबा माझ्याकडं बघतच राहिले. मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"तू झोपायचीस गं! कायम! खंडोबा आला की तुजी मान डुलायची. पाठवनीच्या वक्ताला तू कुनाच्या तरी पडवीत पोत्यावर पडल्याली. मी तुला खांद्यावर टाकून गाडीत आनून निजवायचो." त्यांनी डोळे पुसले. "आर्धाच गोंधळ घिऊन सात समुद्रापार आली आनि त्येच्यावर पोट भरती!"

हसणं ओसरलं तसा त्यांचा चेहरा बदलला. ते खोलीत नजर फिरवू लागले. कोपऱ्यात माझे तीन माइकचे स्टँड एकमेकांना टेकून उभे होते.

"आसलं पाच हायेत का?"

"योनासकडं आहेत आणखी. का?"

"ऊस तर हितं गावायचा न्हाई," आबा म्हणाले. "बोलीव त्येला."

गोंधळाच्या चौकावर पाच उसांचा मांडव लागतो. हांबुर्गमध्ये डिसेंबरात तो माइकच्या स्टँडचा झाला. आबांनी पाचही स्टँड पूर्ण उंच करून घेतले, वरची टोकं एकत्र आणली आणि माइकच्याच वायरीनं आवळून बांधली. खाली माझी लाल शाल, तिच्यावर तांदळाचा चौक. तांब्या घरचाच होता, मी येताना आणलेला. नारळ तुर्की दुकानात मिळाला. विड्याची पानं मिळेनात, तेव्हा मी भीत भीत पालक पुढं केला. आबांनी एक पान उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "हिरवं हाय न्हवं? चालतंय." योनासनं छताला असलेल्या धुराच्या अलार्मवर माझी आंघोळीची टोपी चढवली, तेव्हा कुठं आबांनी छोटी दिवटी पेटवली. दुपारचे चार वाजत होते आणि बाहेर काळोख पडत होता.

"ही एक गोष्ट ब्येस हाय हितली," आबा म्हणाले. "गोंधळाला रात लागती, ती दुपारच्यालाच पडती."

मी गायला उभी राहिले. आबांनी मला हाताला धरून चौकासमोर खाली बसवलं.

"तू गायाचं न्हाई. तुज्या घरी गोंधळ हाय. घरधनीन हायेस तू. बसायचं नि ऐकायचं."

"मग झील कोण धरणार?"

झील म्हणजे मागून साथीला धरायची ओळ. आबांनी हनुवटीनं योनासकडं खूण केली. योनासला 'आवतण' पाठच होतं. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता, पण सोनारीचा भैरोबा त्यानं युरोपभर घोकला होता. तो दोन लाकडी चमचे घेऊन बासची पेटी समोर ओढून बसला.

आबांनी तुणतुणं छातीशी धरलं, तार लावली आणि थांबले.

"हितलं गावदैवत कंचं?"

"काय?"

"ज्या गावात गोंधळ, त्या गावच्या देवाला पैला मान. त्येला सोडून दुसऱ्याला बोलवायचं म्हंजे त्येच्या दारात त्येचाच आपमान."

मी योनासकडं बघितलं. तो म्हणाला, "मी दक्षिणेकडचा, बव्हेरियाचा. मला काय ठाऊक?" मी मनात शोधलं. या गावात मी नऊ वर्षं राहत होते आणि या गावाला काय म्हणून हाक मारायची ते मला माहीत नव्हतं.

"समोर इचार," आबा म्हणाले. "दार तर हाय समोर."

समोरच्या दारावर 'क्रुगर' लिहिलेलं होतं. आत एक म्हाताऱ्या बाई राहतात, त्या जिन्यात 'दिवस चांगला जावो' म्हणतात, यापलीकडं मला त्यांची माहिती नव्हती. नऊ वर्षांत मी ती बेल कधी वाजवली नव्हती. वाजवली. बाईंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"माफ करा," मी म्हटलं, "माझे वडील भारतातून आलेत. ते विचारतात, या गावाचं... या गावाला सांभाळणारं कोण?"

माझं मलाच ते इतकं येडपट वाटलं की मी मागं फिरणार होते. बाई माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होत्या, जिथं दिवटीचा उजेड हलत होता आणि कवड्यांची माळ घातलेला एक म्हातारा एका तारेचं वाद्य धरून खोळंबला होता. त्यांनी साखळी काढली.

"लोक चर्चचं नाव सांगतील," त्या म्हणाल्या. "पण मला विचाराल तर नदी. इथं सगळं एल्बेनंच दिलंय. नेलंयही तिनंच. बासष्ट सालच्या पुरात माझी आई गेली." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "मी येऊन बसले तर चालेल?"

मी आबांना सांगितलं. आबांनी बाईंना हात जोडले, माझ्या शेजारची उशी दाखवली आणि तारेवर बोट टाकलं.

"एल्बामाय, गोंधळाला यावं," आबांनी पहिली हाक दिली.

मग तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, बार्शीचा भगवंत. आबांचा आवाज थकला होता, वरच्या सुरात फाटत होता. माझ्या गाण्यात ही नावं चढाओढीनं येतात. आबांनी प्रत्येक नावापाशी थांबून जागा केली, जसं कुणी खरंच आत येतंय आणि त्याला सरकून बसायला द्यायचंय. योनासचे चमचे आपोआप हळू झाले. शेवटी घरधनिणीचं नाव घ्यायची वेळ आली. ते गावासकट घ्यायचं असतं.

"कुठली म्हनू?" आबांनी गाता गाता मान वळवून विचारलं.

वैरागची म्हणा. एवढंच सांगायचं होतं मला. ओठांवर आलं होतं. पण ते आबांनी म्हणायला हवं होतं, माझ्या तोंडून नाही. "तुम्हीच ठरवा," मी म्हटलं.

आबांनी ती जागा मोकळी सोडली आणि कथेला हात घातला.

कथा किती वेळ चालली कुणास ठाऊक. क्रुगरबाई एक अक्षर न समजता मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. मी मात्र झोपले नाही. आयुष्यात पहिल्यांदा गोंधळाच्या शेवटापर्यंत जागी राहिले, आणि ज्यासाठी जागी राहिले ते आलं. आबांनी दिवटी हातात घेतली, चाल बदलली. इतकी साधी, सरळ चाल होती ती. कुणाला वेशीपर्यंत सोडायला जाताना बोलावं तशी.

तुळजापूरची आई, आलीस, बसलीस, गोड मानलंस, आता तुळजापूरला सुखी जा. जेजुरीचा खंडेराया, आलास, बसलास, जेजुरीला सुखी जा. एकेक नाव, एकेक गाव. 'सुखी जा' योनासनं दुसऱ्याच फेरीत उचललं आणि चुकीच्या उच्चारात, पण अगदी जागेवर म्हणू लागला. एल्बामायला आबांनी लांब पाठवलं नाही. तू हितलीच, तुज्या जाग्याला ऱ्हा, लेकराबाळांना सांभाळ, असं म्हणाले. क्रुगरबाईंना नदीचं नाव तेवढं कळलं. त्यांनी मान खाली घातली.

देव संपले. मला वाटलं, आता उठतील. आबांनी डोळे मिटले आणि तीच चाल पुन्हा धरली.

"वैरागचा शिवराम. आला, बसला, लेकीच्या हातचं खाल्लं. वैरागला सुखी जा."

शिवराम म्हणजे आबाच. ते स्वतःलाच वाटेला लावत होते. मग त्यांनी मघाशी मोकळी सोडलेली जागा भरली.

"हांबुर्गची वैजयंता. तिच्या घरी गोंधळ झाला. हांबुर्गला सुखी ऱ्हा."

त्यांनी दिवटी चौकाला टेकवली आणि वाटीतल्या दुधात विझवली.

मी रडायला लागले ते थांबेना. आबांनी मला जवळ घेतलं नाही. ते तुणतुण्याची तार उतरवत बसले, आणि त्यांची बोटं खुंटीवरून पुन्हा पुन्हा घसरत होती. क्रुगरबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "शेवटी हांबुर्ग म्हणाले ना ते? काय म्हणाले?"

"माझा पत्ता सांगितला," मी म्हटलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आबा नाहीत. 'आवतण' मी अजून गाते, पण दिवे घालवत नाही. बोलावलेल्या सगळ्यांना एकेक करून घरी सोडते. पहिल्या पहिल्यांदा लोक चुळबुळले. त्यांना ती शांतता हवी होती. नंतर सवय झाली. माझं गाणं कुठल्या कप्प्यात ठेवायचं याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. आणि कार्यक्रमानंतर मी अजूनही एकटीच घरी येते. ते आबांच्या गोंधळानं बदललं नाही. फक्त जिन्यात क्रुगरबाईंच्या दाराशी थांबते. हल्ली त्यांचं दार माझ्याकडच्या किल्लीनं उघडावं लागतं, कारण त्यांना उठवत नाही.

त्या डिसेंबरात आबा वैरागला परत निघाले त्या सकाळी मी टॅक्सी बोलावली होती. ते कापडाची पिशवी आणि तुणतुणं घेऊन जिना उतरायला लागले. मोठी बॅग पलंगाशी तशीच उभी होती. मला वाटलं, विसरले. मी ती उचलून दारात आले.

"आबा, बॅग!"

आबा खालच्या पायरीवर थांबले. वर बघितलं नाही.

"रिकामीच हाय," ते म्हणाले. "आता मला काय कराची? तुला लागंल. गावोगाव फिरतीस."